विश्लेषण : चित्राला फ्रेम करताना पट्टीपेक्षा पाठ का महत्त्वाची?

आजोबांच्या वेळची लक्ष्मीची तसबीर. काच तडकली, पट्टी वाळवीने पोखरली, म्हणून ती फ्रेमच्या दुकानात दिली जाते. आठवडाभराने चकचकीत सोनेरी पट्टीत परत येते, पण चित्राखालचा पांढरा समास गायब असतो. चित्र तयार मापात बसत नव्हते, म्हणून कापले. नेमक्या त्याच समासावर छापखान्याचे नाव होते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्याची देवादिकांची चित्रे महाराष्ट्रात घरोघरी गेली. अशा जुन्या छापील चित्राची ओळख पटवायला समासावरचा मजकूर फार उपयोगी पडतो. तोच कात्रीखाली गेला, तर मागे उरते एक जुने, अनामिक चित्र.

मापाची फ्रेम कधी करावी?

प्रत्येक चित्राला तिची गरज नसते. पुन्हा छापून घेता येणारे पोस्टर किंवा बाजारातून आणलेला प्रिंट तयार फ्रेममध्ये लावला तरी काही बिघडत नाही. एकुलते एक मूळ चित्र, जुना फोटो, आजीचे भरतकाम किंवा वारली चित्र असेल तर मात्र फ्रेम चित्राच्या मापाने करावी, चित्र फ्रेमच्या मापाने कापू नये.

खर्चाचा अंदाज घरीच काढता येतो. समजा, चित्र १२ बाय १६ इंचांचे आहे आणि चारही बाजूंनी अडीच इंचांचा माउंट हवा आहे. बाहेरचे माप होते १७ बाय २१ इंच. चारही बाजू मिळून ७६ इंच, म्हणजे सव्वासहा फुटांहून थोडी जास्त पट्टी. कोपरे तिरके कापताना पट्टी वाया जाते आणि रुंद पट्टीत ती अधिक जाते. पट्टीचा दर फुटावर असेल, तर बिल इथेच बरेचसे कळते.

चित्राला नेमके काय चिकटते?

दुकानात ग्राहकाचा सगळा वेळ पट्ट्यांचे नमुने पाहण्यात जातो. खरे तर पट्टी कागदी चित्राला जवळपास स्पर्शच करत नाही. स्पर्श होतो तो पुढच्या माउंटचा आणि पाठीमागच्या पुठ्ठ्याचा. लाकडाच्या लगद्यापासून केलेला स्वस्त पुठ्ठा हळूहळू आम्ल सोडतो. जुनी फ्रेम उघडली की माउंटच्या कडेने चित्रावर तपकिरी रेघ दिसते, ती यामुळेच. म्हणून माउंट आणि चित्रामागचा थर, दोन्ही ‘अ‍ॅसिड-फ्री’ मागावेत. बजेट कमी असेल तर पट्टी साधी घ्यावी, इथे काटकसर करू नये.

दुसरा प्रश्न चिकटवण्याचा. चित्र सपाट दिसावे म्हणून ते अख्खे हार्डबोर्डवर गोंदाने चिकटवून देण्याची पद्धत आहे. चिकटपट्टीचे डाग तर काही वर्षांत कागदात उतरतात आणि सहसा जात नाहीत. चांगली पद्धत म्हणजे वरच्या कडेला पातळ, मजबूत कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावणे. पाण्याच्या ओलाव्याने त्या पुढे सोडवता येतात. दुकानदाराला एकच विचारावे : ‘उद्या हे चित्र जसेच्या तसे बाहेर काढता येईल का?’ उत्तर टाळले गेले, तर दुसरे दुकान पाहावे.

काच की अ‍ॅक्रिलिक?

कागदावरच्या चित्राला काच हवीच, मात्र ती चित्राला टेकलेली नको. दमट हवेत जुन्या फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला चिकटतो आणि सोडवताना चेहराच निघून येतो. माउंटच्या जाडीमुळे मध्ये फट राहते, हा त्याचा खरा उपयोग. शोभा हा वरचा फायदा. अ‍ॅक्रिलिक हलके असते, फुटून काचा होत नाहीत. मोठ्या फ्रेमला ते सोयीचे. पण त्यावर स्थिर विद्युत तयार होते. पेस्टल किंवा कोळशाच्या चित्रातली भुकटी ते ओढून घेते, तिथे काचच बरी.

कॅनव्हासवरच्या तैलचित्राला सहसा काच लावत नाहीत.

साधी काच ऊन अडवेल, हा समज चुकीचा. रंग उडवणाऱ्या अतिनील किरणांचा मोठा भाग तिच्यातून आत येतो. अतिनीलरोधक काच मिळते, महाग असते, आणि तीही दृश्य प्रकाशामुळे होणारा परिणाम थांबवत नाही. संग्रहालयांत जलरंगांवर साधारण ५० लक्स इतकाच मंद प्रकाश ठेवतात. घरात तेवढा अंधार कोणी करणार नाही. निदान खिडकीसमोरची भिंत टाळावी. उडालेला रंग परत येत नाही.

पावसाळ्यात काय सांभाळावे?

मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. ती ६५-७० टक्क्यांवर टिकून राहिली, की बुरशी धरू शकते. पश्चिमेची पाऊस झेलणारी बाहेरची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत चित्रासाठी वाईट. फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या लावल्या, तर भिंत आणि पाठ यांच्यात हवा खेळते. पाठीच्या कडा कागदी पट्टीने बंद करून घ्याव्यात. कसर आणि धूळ तिथूनच शिरते.

दिवंगतांच्या फोटोला ताज्या फुलांचा हार घालणाऱ्या घरांनी आणखी एक पाहावे. हारातून ठिबकणारे पाणी काचेवरून ओघळून खालच्या पट्टीत साचते आणि फोटोची खालची कड आधी कुजते. हार निथळून घालावा आणि सुकण्याची वाट न पाहता संध्याकाळी उतरवावा.