शून्यं पुसून महागाई जात नाही

महागाईनं पोळलेल्या देशानं निवडणुकीच्या तोंडावर नवं चलन आणलं, की ‘नोटांवरची शून्यं पुसली’ किंवा ‘मतांसाठी केलं’ असं म्हणून लोक मोकळे होतात. ब्राझीलच्या ‘रेआल’बद्दल आजही हेच ऐकू येतं. हे चलन १ जुलै १९९४ ला आलं आणि ३ ऑक्टोबरला अध्यक्षपदासाठी मतदान झालं. जूनमध्ये एका महिन्यात ४७ टक्क्यांनी भाव चढले होते. सप्टेंबरमध्ये ती वाढ दीड टक्क्यावर आली.

गैरसमज : शून्यं कमी केली म्हणून महागाई थांबली.

शून्यं तर १९८६, १९८९ आणि १९९३ मध्येही पुसली होती, दरवेळी तीन-तीन. तरीही १९९३ ची महागाई २,४०० टक्क्यांच्या वर गेली. दुखणं दुसरीकडे होतं. पगार, घरभाडं, करार, सगळं मागच्या महागाईला बांधलेलं होतं. काल भाव वाढले म्हणून आज पगार वाढवायचे आणि पगार वाढले म्हणून उद्या पुन्हा भाव.

पेर्सियो आरिदा आणि आंद्रे लारा रेझेंदे या अर्थतज्ज्ञांनी यावरचा तोडगा दहा वर्षं आधीच मांडला होता. मार्च १९९४ मध्ये सरकारनं तो अमलात आणला. ‘यूआरव्ही’ नावाचं एक एकक आलं. त्याची नोट नव्हती, नाणंही नव्हतं. ते फक्त हिशेबापुरतं होतं. त्याचा तेव्हाच्या चलनातला, म्हणजे क्रुझेरोमधला भाव रोज जाहीर होई. १ मार्चला एक यूआरव्ही म्हणजे ६४७.५० क्रुझेरो होते, जूनअखेर २,७५०. दोन यूआरव्हीची वस्तू मार्चच्या आरंभी १,२९५ क्रुझेरोंना मिळत असेल, तर जूनअखेर तिला साडेपाच हजार मोजावे लागत. यूआरव्हीतली किंमत मात्र दोनच राही. चार महिने पगार आणि करार या एककात मोजून लोकांना स्थिर किमतीची सवय लागली, आणि मग त्या एककाचीच नोट छापली गेली. एका रेआलला २,७५० क्रुझेरो हा आडनिडा दर आला तो इथून. त्याआधी सरकारनं घटनादुरुस्ती करून स्वतःच्या खर्चालाही हात घातला होता, हे विसरून चालणार नाही.

गैरसमज : भाव गोठवले की काम होतं.

फेब्रुवारी १९८६ मध्ये सरकारनं नेमकं तेच केलं. सामान्य नागरिक दुकानांत भाव तपासत फिरू लागले, आणि काही महिन्यांत मांस बाजारातून गायब झालं. नोव्हेंबरमध्ये सत्ताधारी पक्षानं निवडणूक दणक्यात जिंकली आणि आठवडाभरातच सरकारनं पेट्रोलचे भाव वाढवले. मतदारांची खरी फसवणूक झाली ती तेव्हा. १९९४ मध्ये भाव गोठवले नाहीत आणि पुढची पायरी आधी सांगून ठेवली.

गैरसमज : रेआल डॉलरला एकास एक जखडलेला होता.

ती अर्जेंटिनाची गोष्ट. इथे डॉलरच्या भावाला एका रेआलची फक्त वरची मर्यादा होती. १९९४ संपता संपता डॉलर ०.८५ रेआलच्या आसपास मिळत होता.

गैरसमज : हा फक्त निवडणुकीचा डाव होता.

राजकीय फायदा झाला, हे खरंच. योजनेची सूत्रं हलवणारे अर्थमंत्री फर्नांडो हेन्रिके कार्डोसो पहिल्याच फेरीत ५४ टक्के मतांनी निवडून आले. वर्षाच्या मध्यापर्यंत आघाडीवर असलेले त्यांचे प्रतिस्पर्धी लुला मागे पडले. पण मतं का फिरली, तेही पाहा. श्रीमंतांचा पैसा रोज व्याज देणाऱ्या खात्यांत सुरक्षित होता. ज्याचं बँकेत खातंच नव्हतं, तो मजूर पगाराच्या दिवशी धावत जाऊन महिन्याचा किराणा भरायचा, कारण आठवड्यानं त्याच पैशांत कमी सामान येई. त्याच्या कमाईची गळती थांबली. यालाच कोणी मतांची लाच म्हणत असेल, तर ते मला पटत नाही.

पुढची वाट सोपी नव्हती. रेआल महाग राहिल्यानं आयात स्वस्त झाली, देशी कारखाने अडचणीत आले आणि बेकारी वाढली. जानेवारी १९९९ मध्ये रेआलचा दर बाजारावर सोडावा लागला, मार्चमध्ये मध्यवर्ती बँकेचा व्याजदर ४५ टक्क्यांवर गेला. पण जुनी महागाई परतली नाही. १९९४ मध्ये या योजनेवर कडाडून टीका करणारे लुला २००३ मध्ये स्वतः अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी रेआल कायम ठेवला. ब्राझीलचं चलन आजही तेच आहे.