टॉवेलच्या ऑर्डरीत ओळी किती?

सोलापुरी चादरी-टॉवेलांची घाऊक मागणी ऑनलाइन घ्यायची, तर फॉर्ममध्ये ओळी किती ठेवाव्यात? कुणी दोन प्रकार मागवतो, कुणी चाळीस. म्हणून ‘ओळ वाढवा’ हे बटण देतात. ते सोपं, खरी गोम पुढे आहे. एका ओळीतल्या सगळ्या रकान्यांच्या नावात एकच क्रमांक हवा. कारण टिक न केलेला चौकोन ब्राउझर पाठवतच नाही. क्रमांक नसेल, तर पाचव्या ओळीवरची ‘वेगळं पॅकिंग’ ही खूण पहिल्या ओळीला चिकटते. मधली ओळ खोडली तरी बाकीचे क्रमांक बदलू नका, खंड पडू द्या. शिवाय सर्व्हरवर पीएचपी ही भाषा असेल, तर ती एरवी एका फॉर्ममधून १,००० रकानेच स्वीकारते. त्याहून मोठ्या ऑर्डरीसाठी सरळ एक्सेल फाइल मागवावी.