सारंगखेड्याची यात्रा : तिकीट काढण्याआधी

दिवाळी सरली की खान्देशातल्या घरांत परदेशातून फोन सुरू होतात. अमेरिकेतला भाचा, दुबईतली नणंद, लंडनला शिकणारी मुलगी, सगळ्यांचा आग्रह एकच : डिसेंबरात येतोय, सारंगखेड्याचा घोडेबाजार बघायचाय, आगेमागे चार दिवस फिरणं बसवा. असं मागणं येतं याचा आनंदच आहे. तापीकाठच्या आमच्या या मुलखाकडे पर्यटक म्हणून कोणी येत नसे, ते आता येऊ लागलेत. पण बहुतेकांचा बेत ऐकीव माहितीवर उभा असतो आणि हजारो रुपयांचं विमानाचं तिकीट काढून झाल्यावर चूक कळते.

«नाताळच्या सुट्टीत येतो, यात्रा तेव्हा असतेच»

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास सुरू होते आणि ती तिथी इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. 2022 साली दत्तजयंती 7 डिसेंबरला होती, 2023 साली 26 डिसेंबरला, 2024 साली 14 ला आणि 2025 साली 4 ला. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून तिथी दरवर्षी अलीकडे सरकते. अधिक महिना आला की ती एकदम पुढे जाते. 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि जयंती थेट नाताळापाशी गेली. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती 23 डिसेंबरला येते.

2023 चा अनुभव धरून ज्यांनी 2025 ला नाताळची तिकिटं काढली, त्यांना यात्रेचा ऐन भर सापडणं शक्यच नव्हतं. यात्रा पंधरवडाभर रेंगाळते हे खरं, पण घोडे जयंतीच्या आधीपासूनच उतरू लागतात आणि जाणता गिऱ्हाईक पहिल्या दिवसांतच फिरून जातो. शेवटच्या आठवड्यात पाळणे, भांडी, मिठाई, गर्दी सगळं असतं. निवडक जनावरं मात्र परतीच्या गाडीत चढलेली असतात. म्हणून आधी पंचांग, मग सुट्टीचा अर्ज, मग तिकीट.

घोड्यांचे व्यापारी हेच पंचांग धरून चालतात. राजस्थानातला पुष्करचा मेळा कार्तिक पौर्णिमेला. तिथून बरोबर एका महिन्याने सारंगखेडा. पुढे मार्गशीर्ष वद्यात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा, तिथेही घोडे असतात. सारंगखेडा ही पुष्करची नक्कल आहे असं काही पाहुणे म्हणतात. तसं नाही. हे एकाच फिरत्या व्यापाराचे वेगवेगळे मुक्काम आहेत. शिवाय तापीचं खोरं हा सुरत आणि बऱ्हाणपूर यांना जोडणारा जुना मार्ग. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच वाटेने नंदुरबारवरून गेला होता. अशा वाटेवर जनावरांचा बाजार भरतो यात नवल नाही. इथल्या बाजाराला तीनशेहून अधिक वर्षं झाली असं गावात मानतात.

«चेतक फेस्टिव्हल म्हणजेच यात्रा»

चेतक फेस्टिव्हल गेल्या दशकातला. पर्यटन विभाग त्यात उतरला, तंबूंची वस्ती उभी राहिली, घोड्यांच्या चालीच्या, नृत्याच्या, देखणेपणाच्या स्पर्धा सुरू झाल्या. नाव राणा प्रतापांच्या, 1576 च्या हळदीघाटीतल्या घोड्यावरून घेतलं. त्यामुळे सारंगखेड्याचं नाव देशभर गेलं, आणि हे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवं. पण फेस्टिव्हल हा यात्रेला जोडलेला भाग आहे. त्याची आखणी, तंबू, कार्यक्रम दरवर्षी बदलू शकतात. यात्रेचं मूळ देवळात आहे.

तंबू मिळाला नाही म्हणून बेत मोडणारे भेटतात तेव्हा वाईट वाटतं. शहादा, दोंडाईचा, नंदुरबार इथे लॉज आहेत, मुक्काम तिथे करून रोज सकाळी यात्रेत यावं. घरी उतरवणार असाल तर एक लक्षात ठेवा : पाहुण्याकडे परदेशी पासपोर्ट असेल तर त्याच्या मुक्कामाची नोंद करावी लागते. ती फक्त हॉटेलवाल्यांची जबाबदारी नाही, यजमान घराचीही आहे.

«दत्ताला तीन तोंडं असतात, इथे एकच कसं?»

परदेशातून आलेली मुलंच नव्हे, पुण्या-मुंबईचे भाविकही गाभाऱ्यासमोर हे विचारतात. सारंगखेड्याचं दत्तमंदिर महानुभाव परंपरेतलं. महानुभाव पंथात पाच अवतार मानतात : श्रीकृष्ण, दत्तात्रेय प्रभू, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर स्वामी. यातले दत्तात्रेय प्रभू ब्रह्मा-विष्णू-महेश यांचं एकत्र रूप नव्हेत, ते स्वतंत्र अवतार आहेत आणि म्हणून एकमुखी. नारायणपूरलाही एकमुखी दत्त आहे. तेव्हा ही मूर्ती अपुरी नाही की चुकीची नाही. घोडे बघायला आलात तरी आधी दर्शनाच्या रांगेत उभे राहा. जवळपासच्या गावांतली माणसं नवस फेडायला येतात, त्यांच्यात अर्धा तास उभं राहिलं की ही यात्रा कोणाची आहे ते समजतं.

«पांढरा घोडा म्हणजे नुकरा, आणि सगळे घोडे कोटीचे»

घोड्यांबद्दल तर गैरसमजांचा ढीग आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण चांगल्या वर्षी दोन हजारांवर घोडे डोळ्यांसमोर असतात आणि काय बघायचं ते ठाऊक नसेल तर माणूस तासाभरात थकतो.

पांढरा दिसणारा प्रत्येक घोडा नुकरा नसतो. नुकरा जन्मापासून पांढरा आणि त्याची कातडी गुलाबी, ती नाकपुडीपाशी आणि डोळ्यांभोवती स्पष्ट दिसते. दुसरे काही घोडे जन्मताना गडद असतात, वयाबरोबर केस पांढरे होत जातात, पण खालची कातडी काळीच राहते. मारवाडी आणि काठियावाडी घोडे ओळखायला कान बघा : दोन्हींचे कान आत वळतात, टोकं एकमेकांकडे झुकतात. पण कान वळले म्हणजे मारवाडीच, असं ठोकून देऊ नका. कपाळावर पट्टा आणि चारही पाय पांढरे असले तर तो पंचकल्याणी, त्याला मागणी जास्त. वय दातांवरून काढतात. समोरचे पक्के दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडीजोडीने येतात. मालकाची परवानगी घेऊन एखादा जाणकार जबडा उघडतो तेव्हा जवळ उभं राहून बघा, ते शिक्षण फुकट मिळतं. रेवाल, म्हणजे स्वाराला न हिंदकळवणारी चाल बघायची असेल तर घोडा पळताना स्वाराच्या खांद्यांकडे बघा. ते जवळजवळ हलत नाहीत.

कोटीच्या बातम्यांचं म्हणाल तर, वर्तमानपत्रात येते ती बहुधा मागितलेली किंवा सांगितलेली किंमत. असे नामांकित घोडे अनेकदा दाखवायला आणि स्पर्धेसाठी आणलेले असतात, मालक ते विकतही नाही. खरा बाजार चालतो तो वरातीसाठी, पैदाशीसाठी, थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवण्यासाठी आणि हौशी शेतकऱ्यासाठी. तिथे घासाघीस होते आणि सौदे कितीतरी खालच्या आकड्यांवर ठरतात.

परदेशातल्या पाहुण्यांपैकी एखादा विचारतोच : आवडला तर घेऊन जाता येईल का? सहजी नाही. मारवाडी, काठियावाडी आणि मणिपुरी घोड्यांच्या निर्यातीवर केंद्र सरकारचे निर्बंध आहेत, परवान्याशिवाय ते देशाबाहेर जात नाहीत. देशांतर्गत खरेदीतही ग्लँडर्ससारख्या रोगाची तपासणी झाली आहे का, हे कागदावर बघून घ्यावं. हा रोग माणसालाही होऊ शकतो. आणि मुलांना घोड्याच्या मागच्या बाजूने जाऊ देऊ नका, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. दिवसभर अनोळखी गर्दीत उभं असलेलं जनावर बिथरलं तर त्याचा दोष नसतो.

«नंदुरबार जिल्हा, म्हणजे नंदुरबारलाच उतरायचं»

सारंगखेड्याला रेल्वे नाही. जिल्हा नंदुरबार असला तरी जवळचं स्टेशन धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा, सुरत-भुसावळ मार्गावरचं. मुंबईहून येणारी खान्देश एक्स्प्रेस सुरतला वळसा घालून याच मार्गावर येते. रस्त्याने यायचं तर नाशिक-धुळ्यावरून. यात्रेच्या दिवसांत दोंडाईचा-शहादा रस्त्यावर गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर पोचलेलं बरं.

«एकदा आलोय तर काठीची होळी, अस्तंबा, सगळंच करू»

होणार नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी फाल्गुनात, पहाटे पेटते. सातपुड्यातल्या अस्तंब्याची यात्रा धनत्रयोदशीला. प्रत्येक उत्सवाची आपली तिथी आहे आणि नाताळच्या सुट्टीत कोणी त्याचं प्रदर्शन मांडत नाही. आदिवासी पाड्यांत ‘नाच दाखवा’ म्हणून गाड्या उभ्या करणं तर अगदीच थांबायला हवं.

मार्गशीर्षात जे खरोखर बसतं ते प्रकाशे आणि तोरणमाळ. प्रकाशे तापी-गोमाई संगमावर, शिवमंदिरांमुळे दक्षिण काशी म्हणून ओळखलं जाणारं. फक्त धार्मिक म्हणून ते वगळू नका. 1955 च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगातली वस्ती उजेडात आली. तोरणमाळ साडेतीन हजार फुटांहून उंच, यशवंत तलाव आणि सीताखाई. शहाद्याहून घाट चढून जायचं. डिसेंबरात तिथे रात्री कडाक्याची थंडी पडते. खान्देश म्हणजे ऊन, अशा समजुतीने आलेले पाहुणे एका शालीवर कुडकुडतात.

नंदुरबारवरून परतणार असाल तर मिरचीच्या पथाऱ्या बघून जा. यात्रेच्या या दिवसांत मिरचीचा हंगाम भरात असतो आणि शहराबाहेर उन्हात वाळत घातलेली लाल मिरची दूरवर पसरलेली दिसते. शिंकांची तयारी ठेवा. 2026 च्या 23 डिसेंबरसाठी सुट्टी मागणाऱ्यांनी 20 तारखेच्या आत मुंबईत उतरावं, म्हणजे झोपेची वेळ जुळवून 22 ला दोंडाईचाला पोचता येईल. 2027 ला तिथी पुन्हा दहा-अकरा दिवस अलीकडे सरकेल.