क्लच वारंवार जातोय? नवी प्लेट टाकण्याआधी जुनी प्लेट बघा

गाडी दीड लाख किलोमीटर धावलेली. मागच्या वर्षीच क्लच प्लेट बदलली आणि आता चढावर पुन्हा तोच जळका वास. गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं असतं, ‘‘प्लेट गेली, नवीन टाकू.’’ पण नीट वापरलेला क्लच साधारण ८० हजार ते १ लाख किलोमीटर चालतो. तो वर्षभरातच जात असेल तर मूळ दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.

आधी लक्षण ओळखा

* इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही : क्लच घसरतोय.
* पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही : क्लच नीट सुटत नाहीये. आधी केबलचं सेटिंग तपासा. हायड्रॉलिक क्लच असेल तर सिलिंडरमधून गळती होतेय का ते पाहा. अनेक गाड्यांमध्ये क्लच आणि ब्रेकचं ऑइल एकाच डबीतून येतं, त्यामुळे पातळी उतरत असेल तर गाडी लगेच दाखवा.
* पेडल दाबल्यावर खरखर : रिलीज बेअरिंग तपासा.

जुनी प्लेट काय सांगते?

गिअरबॉक्स उतरवल्यावर जुनी प्लेट स्वतः पाहा.

* प्लेट तेलकट आहे : इंजिनाच्या मागचं किंवा गिअरबॉक्सचं ऑइल सील गळतंय. जुन्या गाडीत सीलचं रबर कडक होतं. ते बदललं नाही, तर नवी प्लेटही तेलात भिजेल.
* फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा तडे आहेत : तो खूप तापलाय. दुरुस्त करा किंवा बदला.
* प्लेट कोरडी, पण झिजलेली आहे : हाफ क्लचची सवय किंवा जास्त ताणलेली केबल.

खर्च एकदाच करा

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दर वेळी द्यावी लागते. म्हणून प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गळकं सील त्याच वेळी बदलून घ्या.

सवय बदला

एकच गाडी घरातले सगळे चालवत असतील तर हे सर्वांना सांगा. चालवताना पाय पेडलवर टेकवून ठेवू नका. सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये घ्या. चढावर गाडी क्लचवर नव्हे, हँडब्रेकवर थांबवा.

पुढच्या वेळी बिल देण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारा, ‘‘प्लेट गेली हे कळलं, पण ती का गेली?’’