सिंधुदुर्गाच्या तटाबाहेरचं अभयारण्य 🪸

मालवणला गेलं की सिंधुदुर्ग किल्ला आपण बघतोच. पण त्याच्याभोवतीचा समुद्रही संरक्षित आहे, हे किती जणांना माहीत असतं?

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौ. किमी. त्यातल्या ३.१८ चौ. किमीच्या गाभा क्षेत्रात सिंधुदुर्ग, पद्मगड आणि पाण्याखालचे खडक येतात.

या खडकांवर प्रवाळ आहेत. दगडासारखा दिसणारा गोळा म्हणजे असंख्य इवल्या जिवांची वसाहत. त्यांच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न आणि रंग पुरवतं. पाणी फार तापलं की शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात.

२००१ पासून या प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान आहे. पण समुद्राला कुंपण घालता येत नाही. इथल्या कित्येक घरांची चूल मासेमारीवर पेटते, म्हणून अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांचा विरोधही झाला. त्यांना सोबत घेतल्याशिवाय संरक्षण कागदावरच राहणार.

आपण काय करू शकतो?
👉 स्नॉर्केलिंग करताना प्रवाळावर उभं राहू नका, हात लावू नका.
👉 तुकडा आठवण म्हणून उचलू नका. तो गुन्हा आहे.
👉 होडीवाल्या दादांना नांगर प्रवाळावर न टाकता वाळूत टाकायची विनंती करा.

#मालवण #सागरी_अभयारण्य