पाटकऱ्याचं फावडं

पाटाचं पाणी वावरात घ्यायला फार काही लागत नाही. एक फावडं, दोन धोंडे आणि गवताच्या मुळांनी धरून ठेवलेलं मातीचं ढेकूळ. पाटकरी काठावर एक घाव घालतो, ढेकूळ बाजूला ओढतो; पाणी क्षणभर अडखळतं आणि सरीत शिरतं. वावर भिजलं की तेच ढेकूळ पुन्हा जागेवर, वरून टाचेचा दाब. शेजारच्या बांधावरून अहिराणीत विचारणा होते, "पानी ऊनं का?" म्हणजे पाणी आलं का?

नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यात, सटाण्याला ही विचारणा शिळी होत नाही. बागलाणच्या पश्चिमेला साल्हेर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, 1567 मीटर. त्या डोंगरांत पाऊस बरा पडतो. खाली सटाण्याकडे उतरत आलं की तो पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे येऊन ठेपतो. डोंगरातून मोसम आणि आरम या नद्या निघतात आणि पुढे गिरणेला मिळतात. उतार तीव्र, त्यामुळे पाणी धावत येतं आणि जाताना माती घेऊन जातं. दुष्काळही जुना सोबती. 1870-71च्या दुष्काळात इथले मामलेदार यशवंतराव भोसेकर यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला, अशी आठवण सटाणा आजही जपून आहे. लोकांनी त्यांना देवमामलेदार केलं; त्यांची यात्रा दर मार्गशीर्षात भरते ती याच पुण्याईवर.

पण त्याच्याही आधीपासून या नद्यांच्या काठी एक बंदोबस्त चालत आलेला होता. त्याचं नाव फड. तीनशे-चारशे वर्षं जुनी ही पद्धत मोसम-आरमच्या आणि पलीकडे धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी रुजली. नदीत आडवा दगडी बंधारा, एका अंगाने पाट, आणि पाटाखाली जेवढी जमीन भिजेल तेवढं 'थळ'. थळाची हद्द ठरलेली. या थळाचे साधारण चार भाग, तेच फड. एका फडात त्या हंगामाला एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू, कुठे भुईमूग, आणि पुढच्या वर्षी पिकं फड बदलतात. उसाने दमलेल्या जमिनीला हलकं पीक मिळतं, सतत ओल राहून ती चिबडत नाही. आज कृषी खातं फेरपालटीची पत्रकं वाटतं; इथे फेरपालट पाटाच्या आखणीतच बसवलेली होती.

पाणी सोडायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, वर देखरेखीला पंच. पाटकऱ्याला मोबदला मिळायचा तो शेतकऱ्यांकडूनच, बहुतेक धान्यात. पाणी कुणाच्या वावरात कधी जाईल हे पाटकरी ठरवणार, वावराचा धनी नव्हे. मालकाने स्वतःच्या हाताने पाटाचं बारं, म्हणजे पाणी घ्यायचं तोंड, फोडायचं नाही, हा दंडक होता. पावसाळ्यापूर्वी पाटाचा गाळ काढायला मात्र धनी झाडून हजर.

मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती कमी पाण्याच्या वर्षातली. नदी आटू लागली की पंच बसायचे आणि या वर्षी कोणता फड कोरडा ठेवायचा ते ठरवायचे. शक्यतो प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी प्रत्येक फडात असायची. त्यामुळे फड कोरडा राहिला तर सगळ्यांचंच थोडं थोडं जायचं. पाटाच्या शेंड्याला ज्याचं वावर तो बुडाला आणि तोंडाशी असणारा हसला, असं होत नसे. आजच्या कालव्यांवर हेच नेमकं रोज होतं.

पुढे विहिरीवर इंजिन आलं, मग विजेची मोटर. आपलं पाणी आपल्या बटणावर असताना पंचांची वाट कोण बघणार? वरच्या अंगाला धरणं झाली: मोसमवर हरणबारी, सुमारे साडेअकराशे दशलक्ष घनफुटांचं, आणि आरमवर केळझर, त्याच्या निम्म्याचं. बंधाऱ्यांना पाणी आता धरणाच्या आवर्तनातून मिळू लागलं. काही थळं तग धरून राहिली, पण बरीच नुसती नावापुरती उरली.

1972च्या दुष्काळानंतरच्या योजनांची यादी लांबलचक आहे, ती सगळी सांगत बसत नाही. रोजगार हमीवर पाझर तलाव आणि नालाबांध झाले. मग माथा ते पायथा हा विचार आला: आधी डोंगरमाथ्यावर समतल चर, मग उतारावर दगडी बांध, सर्वांत शेवटी ओढ्यात बंधारा. उलट क्रमाने गेलात तर बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. डिसेंबर 2014मध्ये जलयुक्त शिवार योजना आली, 2017मध्ये गाळमुक्त धरण. तलावातला गाळ शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून मुरमाड रानात न्यायचा ही कल्पना मला मनापासून आवडते. वरून वाहून गेलेली माती पुन्हा वावरात चढवायची, एवढा साधा हिशेब.

शेततळ्यांबद्दल मात्र माझा हात आखडतो. 2016च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत 50,000 रुपयांपर्यंत अनुदान होतं. वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवावं, हा तळ्यामागचा मूळ हेतू. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात काय झालं? तळ्याला 500 मायक्रॉनचा कागद अंथरला आणि विहीर-बोअरचं पाणी उपसून त्यात भरलं. जमिनीखाली सावलीत असलेलं सामाईक पाणी वर उन्हात आणून खासगी केलं. एप्रिलच्या उन्हात त्यातलं किती हवेत उडतं, हे काठावर बसलेल्या धन्यालाही दिसतं. त्याचाही नाइलाज आहे म्हणा. तेल्या रोगाने एकदा डाळिंबाची बाग उठलेला माणूस पुढच्या बहाराला पाण्याची जोखीम कशाला घेईल? ठिबकचंही तसंच. एकरी पाणी वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर लागतात. काळ्या खडकाच्या वरच्या मुरमात मावेल तेवढंच इथलं भूजल. त्याखाली बोअर नेण्याला अर्थ थोडा. सिंचनासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला राज्याच्या 2009च्या भूजल कायद्याने मनाई आहे. बोअरच्या गाड्या तरी रात्रीच्या फिरतात.

आपसात पाळी लावून पाणी वाटणं आज जमतच नाही, असं मात्र नाही. याच जिल्ह्यात वाघाड धरणाखाली ओझरला समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1991मध्ये पाणीवापर संस्था उभ्या केल्या. कालव्याचं पाणी संस्थेने मोजून घ्यायचं, पाणीपट्टी संस्थेने भरायची, वाटप संस्थेने करायचं. पुढे सगळा प्रकल्पच शेतकऱ्यांच्या हाती आला, आणि 2005मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. नाशिक जिल्हा अटल भूजल योजनेतही आला. तिथे ग्रामपंचायतीने पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता. पाऊस किती पडला, विहिरीत किती आहे, म्हणून पिकं कोणती. फडाच्या पंचांना हा फळ्यावरचा हिशेब नवा वाटला नसता, फक्त तो मांडून झाल्यावर कुणीच एकही वावर कोरडं ठेवत नाही हे बघून ते गप्प झाले असते.

परतीचा पाऊस संपतो तेव्हा बागलाणात लवकर छाटलेल्या द्राक्षांचे मणी भरत आलेले असतात, उन्हाळ कांद्याची रोपं वाफ्यात असतात, आणि केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यांवर फळ्या टाकायची वेळ झालेली असते. ओढा वाहता आहे तोवरच हे काम उरकावं लागतं. आठ दिवस उशीर झाला तर अडवायला पाणीच उरत नाही. जुन्या धाटणीच्या बंधाऱ्यात फळ्यांच्या दोन रांगा, मधल्या फटीत काळी माती ठासायची, गळती दिसली की पुन्हा ठासायची. दोनचार माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरलेली असतात, काठावरून कुणीतरी पाटीतून माती देत असतं, आणि खालच्या अंगाचा एकजण एक फळी कमी टाका म्हणून हटून बसलेला असतो.