नकाशाच्या कडेची अवजारे

वेबवरच्या नकाशाच्या कोपऱ्यांत आणि कडांना काही बटणे, चौकटी आणि पट्ट्या बसलेल्या असतात. नकाशा जवळ-लांब करणारी अधिक-उणेची चिन्हे, अंतराची पट्टी, थर चालू-बंद करण्याची यादी, पत्ता शोधण्याची चौकट, क्षेत्रफळ मोजण्याचे साधन यांपैकी प्रत्येकाला विजेट म्हणतात. खालचा नकाशा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. पूरनियंत्रण कक्षाचा नकाशा आणि घर शोधणाऱ्याचा नकाशा एकमेकांपासून वेगळे होतात ते मुख्यतः त्यांवरच्या माहितीच्या थरांमुळे आणि विजेटांमुळे.

हा प्रकार रुळला तो 2005 नंतर. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आला. 256 पिक्सेल लांबी-रुंदीच्या चौकोनी तुकड्यांतून नकाशा जोडत जायचा आणि पान पुन्हा न उघडता तो बोटासरशी सरकवायचा, ही रीत त्याने घरोघरी नेली. शून्य पातळीवर अख्खे जग एका तुकड्यात मावते. प्रत्येक पुढच्या पातळीवर तुकडे चौपट होतात आणि अठराव्या पातळीला त्यांची संख्या 6,871 कोटींवर जाते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये गूगलने बाहेरच्या प्रोग्रामरांसाठी एपीआय खुला केला. 2006 मध्ये मेटाकार्टा या कंपनीतून ओपनलेयर्स हे मुक्त स्रोत ग्रंथालय बाहेर पडले, तर 2011 मध्ये कीव्हच्या व्लादिमिर अगाफोन्किन यांनी लीफलेट लिहिले. दाबून बांधल्यावर लीफलेटचा कोड साधारण 42 किलोबाइटांचा होतो. विजेट आतून कसे असते हे शिकायला याच्याइतकी सोपी जागा दुसरी नाही.

लीफलेटमध्ये विजेटाला कंट्रोल म्हणतात. त्याला बसण्यासाठी नकाशाचे चार कोपरे ठरलेले आहेत. लिहिणाऱ्याने मुख्यतः दोन कामे सांगायची: नकाशावर चढताना काय करायचे आणि उतरताना काय करायचे. पहिल्याचे नाव ऑनअ‍ॅड, दुसऱ्याचे ऑनरिमूव्ह. ऑनअ‍ॅडमध्ये बटणाची चौकट तयार करून ती परत द्यायची, की लीफलेट ती ठरल्या कोपऱ्यात ठेवतो. दहा-पंधरा ओळींत बटण दिसू लागते, आणि खऱ्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

पहिली अडचण क्लिकची. विजेटाची चौकट नकाशाच्या चौकटीच्या आतच असते, त्यामुळे बटणावर केलेले क्लिक वर चढत नकाशापर्यंत पोहोचते. थर बंद करायला गेलेल्या माणसाच्या हातून नकाशावर नको तिथे खूण पडते, यादी खाली सरकवताना नकाशाच लांब जातो. यासाठी लीफलेटमध्ये क्लिक आणि चाकाची हालचाल तिथल्या तिथे अडवणारी तयार फंक्शने आहेत. दुसरी अडचण उतरण्याची. नकाशा हलला की मला कळव, असे विजेटाने नकाशाला सांगून ठेवलेले असते. विजेट काढल्यावरही ती सूचना मागे घेतली नाही, तर गेलेल्या विजेटाचा कोड पडद्याआड चालतच राहतो. चार वेळा उघडून मिटलेले विजेट मग एका क्लिकला चार उत्तरे देते. नवशिक्याचा कोड ओळखायचा असेल तर ऑनरिमूव्ह उघडून पाहावे. ते बहुधा रिकामे असते.

एस्री या कंपनीने हेच काम मोठ्या प्रमाणावर मांडले. जॅक आणि लॉरा डेंजरमंड यांनी 1969 मध्ये कॅलिफोर्नियातील रेडलँड्स येथे ती स्थापन केली. 2014 मध्ये तिने वेब अ‍ॅपबिल्डर आणले. त्यात कोड न लिहिता तयार विजेटे निवडून अ‍ॅप जोडता येत असे, आणि विकसकाला स्वतःचे विजेटही घालता येत असे. त्यातील मूळ कोडचे नाव जीमू. चिनी भाषेत जीमू म्हणजे मुलांचे रचायचे ठोकळे, आणि नाव चपखल आहे.

इथे विजेट म्हणजे एक फोल्डर. त्यात वागणूक सांगणारी जावास्क्रिप्ट फाइल, रूप सांगणारी एचटीएमएल आणि सीएसएस, शब्दांच्या भाषांतरांची फाइल, ओळखपत्रासारखी मॅनिफेस्ट फाइल आणि कॉन्फिग फाइल. मॅनिफेस्टमधले नाव आणि फोल्डरचे नाव जुळले नाही तर विजेट सापडत नाही, आणि सुरुवातीचा अर्धा दिवस अनेकांचा यातच जातो. सर्वांत मोलाची फाइल मात्र कॉन्फिग. थराचा पत्ता, कोणते रकाने दाखवायचे, एकक कोणते, सुरुवातीची पातळी किती, असे ठिकाणागणिक बदलणारे सगळे तिच्यात जाते. सोबत सेटिंगचा वेगळा पडदा लिहिला की कोड न जाणणारा कर्मचारीही ही मूल्ये बदलू शकतो. थराचा पत्ता कोडमध्येच कोरून ठेवलेले विजेट चालते खरे, पण ते एका कार्यालयापुरते. शेजारच्या तालुक्याला ते हवे झाले की प्रत काढून कोड बदलावा लागतो, आणि दोन वर्षांत एकाच विजेटाच्या सात प्रती सात तऱ्हांनी बिघडतात.

म्हणूनच मागणी आली की आधी तपासायचे ते तयार विजेटाच्या कॉन्फिगमध्ये भागते का. भागत नसेल तर त्याच विजेटावर थोडी भर घालायची. कोऱ्या पानापासून लिहिणे सर्वांत शेवटी. क्षेत्रफळ मोजण्याचे विजेट हे याचे चांगले उदाहरण आहे. ते चौरस मीटर, हेक्टर, एकर सांगते, पण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला गुंठे हवे असतात. 33 फूट लांबी-रुंदीचा चौकोन म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट किंवा सुमारे 101.17 चौरस मीटर, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आलेल्या चौरस मीटरांना 101.17 ने भागले की काम झाले, असे वाटते.

ते चौरस मीटर कुठून आले हे मात्र पाहावे लागते. वेबवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटर प्रक्षेपणात असतात, आणि विषुववृत्तापासून दूर जाऊ तसतसे त्यात क्षेत्रफळ फुगते. 60 अंशांवर ते चौपट दिसते. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे साडेअठरा अंशांजवळ, ही फुगवट सुमारे 11 टक्के आहे. सपाट पडद्यावरच्या सहनिर्देशकांवरून मोजले तर पुण्याजवळचे चाळीस गुंठे साडेचव्वेचाळीस भरतात. बांधावरून भांडण लागायला एवढा फरक पुरे. पृथ्वीची गोलाई धरून मोजणारी फंक्शने ओपनलेयर्समध्ये आहेत आणि एस्रीच्या ग्रंथालयातही. विजेटाने तीच वापरायची असतात. तरीही पडद्यावर बोटाने काढलेल्या कोपऱ्यांवरचा आकडा हा अंदाजच, मोजणी खात्याच्या नकाशाची जागा तो घेत नाही.

अशीच दुसरी खोड क्रमाची. लीफलेट आधी अक्षांश मागतो, मग रेखांश. जिओजेसन स्वरूपात आधी रेखांश असतो. 18.52 आणि 73.86 ही पुण्याची जोडी उलटी पडली की शहर थेट नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात, बेअर आयलंडजवळ जाऊन बसते. चूक इतकी दूर जाते हे एका अर्थी बरेच, लगेच लक्षात येते.

2020 मध्ये एस्रीने एक्सपीरियन्स बिल्डर आणले. वेब अ‍ॅपबिल्डर डोजो या जुन्या चौकटीवर उभे होते, नवे साधन रिअ‍ॅक्ट आणि टाइपस्क्रिप्टवर आहे. विजेट अजूनही फोल्डरच आहे, मॅनिफेस्ट आणि कॉन्फिगही आहेत, पण चालणारा भाग आणि सेटिंगचा भाग आता वेगवेगळ्या उपफोल्डरांत राहतात. विजेटांनी एकमेकांना थेट हाक मारायची नाही, असाही दंडक आहे. यादीत एखादी ओळ निवडली की यादी फक्त तसा संदेश सोडते. नकाशाने तिथे सरकायचे की नाही हे अ‍ॅप जोडणारा ठरवतो. त्यामुळे यादी काढून तिथे आलेख ठेवला तरी नकाशाच्या कोडला हात लावावा लागत नाही.

डोजोवरची विजेटे नव्या चौकटीत जशीच्या तशी चालत नाहीत. पडद्याचा, बटणांचा आणि सूचनांचा सगळा कोड पुन्हा लिहावा लागतो. गुंठ्यांचा हिशेब पडद्याच्या कोडात न मिसळता वेगळ्या फाइलीत ठेवला असेल, तर तेवढी फाइल किरकोळ बदलांनी उचलून नेता येते.